कमी भरणारे माप



ह्या व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली तेव्हा मी जरा दचकलो. काल संतवाङ्मय झाले, उद्या नदीचे प्रदूषण आहे, आणि ह्या दोन थोर विषयांच्या मध्ये संगणकाच्या हार्ड डिस्कवर बोलायला मला उभे केले आहे. पंगतीत श्रीखंड आणि जिलबी ह्यांच्यामध्ये कोणी मीठ वाढावे तसा हा प्रकार झाला. परंतु मीठ वाढल्याखेरीज पान पुरे होत नाही, असे स्वतःला बजावून मी उभा राहिलो आहे.

मी संगणकाचा शास्त्रज्ञ नव्हे. माझी सारी हयात अंबरनाथच्या एका कारखान्यात मापे तपासण्यात गेली. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला की माल परत पाठवायचा, हा माझा धंदा. तेव्हा माप कमी भरले अशी तक्रार कानी आली की माझे कान आपोआप टवकारतात. आजचा विषय अशाच एका तक्रारीतून निघाला.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नानांनी घरातले जुने फोटो, कागदपत्रे, नातवंडांच्या बारशापासूनची चित्रणे एके ठिकाणी ठेवावीत म्हणून एक हार्ड डिस्क घेतली. बदलापूरहून लोकलने उल्हासनगरला जाऊन कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून आणली. खोक्यावर ठळक लिहिलेले होते, एक टेराबाइट. म्हणजे एक हजार गिगाबाइट. घरी नातवाने ती संगणकाला जोडली आणि पडद्यावर आकडा आला ९३१. नाना जुने हिशेबनीस. त्यांनी तिथल्या तिथे वजाबाकी केली. एकोणसत्तर गिगाबाइट गायब! ‘‘किलोमागे सत्तर ग्रॅम खाल्ले की हो ह्याने,’’ असे म्हणत ते माझ्याकडे आले, आणि मापांचा माणूस म्हणून मला बरोबर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले.

दुकानदार तरुण होता, तिशीच्या आतबाहेरचा. त्याने शांतपणे ऐकून घेतले. ‘‘काका, सील तुमच्यासमोर फोडले होते ना?’’ असे म्हणून त्याने दुसरे खोके उघडले आणि ती डिस्क जोडून दाखवली. पुन्हा ९३१. नानांचा पारा चढला. ‘‘म्हणजे सगळाच माल तसला! मेड इन यूएसए!’’ असे ते बोलून गेले.

आपल्या ह्या पट्ट्यात हा विनोद कोणाला माहीत नाही? यू म्हणजे उल्हासनगर, एस म्हणजे सिंधी, ए म्हणजे असोसिएशन. आपण सगळे तो ऐकून हसलो आहोत, मीही हसलो आहे. पण त्या दिवशी तो पोरगा हसला नाही. त्याने डिस्क पुन्हा खोक्यात घातली, पैसे परत देण्यासाठी गल्ला उघडला आणि एवढेच म्हणाला, ‘‘माझे आजोबा बराकीत आले तेव्हा त्यांच्याकडे विकायला काहीच नव्हते. नुसत्या शब्दावर त्यांना उधार माल मिळायचा.’’

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले. लाखाच्या आसपास माणसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. त्या माणसांनी शून्यातून पेठ उभी केली. तिच्यात नकली माल कधी विकला गेलाच नाही असे मी म्हणणार नाही, आणि तिथले व्यापारीही तसे म्हणत नाहीत. पण ह्या प्रकरणात नकली काहीच नव्हते, आणि एका प्रामाणिक माणसाच्या इभ्रतीवर आम्ही भलत्याच हिशेबाने घाला घालत होतो. हे मला तेव्हा ठाऊक होते आणि सांगायला जरा उशीर झाला, ह्याची मला अजून खंत वाटते.

आता हिशेब पाहू. त्यासाठी आपल्याला १९५७ सालात जावे लागेल.

त्या वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे नवा पैसा आला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. एक एप्रिलपासून रुपयाला शंभर पैसे. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हायचे. आता पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे कोष्टक लागले. वाण्याकडे रोज भांडण. गिऱ्हाईक म्हणे वाणी फसवतो, वाणी म्हणे सरकार फसवते. दोघेही खरेच बोलत होते आणि कोणीच फसवत नव्हते. ‘पैसा’ हा शब्द एक होता आणि मापे दोन होती, एवढेच. पुढे १९६४ च्या जूनमध्ये ‘नवा’ हा शब्द गळला आणि भांडण मिटले, कारण तोवर जुने पैसे चलनातून गेले होते.

आता त्या जुन्या मोजणीकडे नीट पाहा. रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे, आणा. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या निम्मे. तराजूवर माणसाला दहा सारखे वाटे करणे अवघड जाते, पण दोन वाटे डोळे झाकून करता येतात. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांचा सगळा व्यवहार निम्म्यानिम्म्याने चालत असे.

संगणकाचा स्वभाव नेमका ह्या जुन्या वाण्याचा आहे. त्याला दोनच गोष्टी कळतात, आहे आणि नाही. तो दुपटीने मोजतो. दोन, चार, आठ, सोळा असे दहा वेळा दुप्पट करीत गेले की १०२४ येतात. हजाराच्या इतके जवळ असलेले हे माप पाहून पहिल्या काळच्या संगणकवाल्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. किलो म्हणजे खरे तर हजार, हे आपल्याला रेशनच्या दुकानापासून ठाऊक आहे. पण हजारामागे चोवीसच जास्त, कोण विचारतो, असे वाटले असावे. हार्ड डिस्क करणाऱ्यांनी मात्र शुद्ध दशमान धरले. त्यांच्या खोक्यावरचा किलो हजाराचा, मेगा दहा लाखांचा, गिगा शंभर कोटींचा आणि टेरा एक लाख कोटींचा.

आता गंमत अशी की चोवीसचा फरक चोवीसवर थांबत नाही. तो चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. मेगाला हजारी एकोणपन्नासच्या जवळ जातो, गिगाला चौऱ्याहत्तरच्या, आणि टेराला जवळजवळ शंभरच्या घरात. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. पन्नास तबकड्या, प्रत्येक दोन फूट व्यासाची, एकूण वजन टनाच्या आसपास, आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो तिच्यात मावला नसता! त्या काळी हा फरक कोणाच्या खिजगणतीत नव्हता. डिस्क मोठ्या होत गेल्या तसा तो डोळ्यात खुपू लागला.

नानांच्या डिस्कचा हिशेब असा. खोक्यावरचा टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज नावाची जी प्रणाली बहुतेकांच्या संगणकात असते, ती गिगाबाइट म्हणते १०२४ ला तीनदा घेऊन केलेल्या गुणाकाराला, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांना. एक लाख कोटीला ह्या आकड्याने भागा. भागाकार ९३१ येतो. त्याच न्यायाने पाचशेची डिस्क ४६५ दाखवते आणि दोन टेराबाइटची १८६३. एकही बाइट कुठे गेलेला नाही.

ह्यावर पुष्कळ वाद झाले. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. नावे बोबड्या मुलाने ठेवल्यासारखी वाटतात, म्हणूनच की काय, बाजारात ती रुळली नाहीत. अमेरिकेत लोक कोर्टात गेले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये आणि सीगेट कंपनीने २००७ मध्ये तडजोड केली. चूक मात्र दोघींनीही कबूल केली नाही. ॲपलने २००९ पासून आपल्या संगणकांवर दशमान मोजणी सुरू केली, तेव्हा तीच डिस्क ॲपलवर हजार दाखवते आणि विंडोजवर ९३१. विंडोजने मात्र मोजणी १०२४ ची आणि नाव गिगाबाइट, हा संसार अजून चालू ठेवला आहे. माझे मत विचाराल तर ह्यात दोष डिस्कवाल्यांपेक्षा विंडोजचा अधिक आहे. माप कोणतेही धरा, पण त्याचे नाव तरी खरे सांगा. आमच्या कारखान्यात इंचाच्या गेजवर कोणी मिलिमीटर लिहिले असते तर दुपारच्या आत त्याला घरी पाठवला असता.

तर त्या दुकानात मी काय केले ते सांगतो. डिस्कच्या चिन्हावर राइट-क्लिक केले आणि प्रॉपर्टीज उघडले. तिथे ९३१ च्या शेजारीच बाइटांचा संपूर्ण आकडा असतो, पण तो कोणी वाचत नाही. मी नानांना म्हटले, ‘‘मोजा.’’ नानांनी चष्मा पुसला आणि बोटाने एकेक आकडा मोजला. तेरा आकडे. एक लाख कोटी, आणि वर आणखी काही कोटी बाइट! त्या जातीच्या डिस्कवर साधारणतः लाख कोटीच्या वर वीस कोटी बाइट असतात. म्हणजे त्या पोराने माप कमी भरले नव्हते, झुकते दिले होते. नाना बराच वेळ गप्प राहिले. माफी मागणे आमच्या पिढीतल्या पुरुषांना कोणी शिकवलेच नाही. त्यांनी डिस्क ठेवायला एक पाकीट घेतले आणि त्याच्या किमतीत घासाघीस केली नाही. नानांना ओळखणाऱ्यांना ह्याचा अर्थ समजेल.

इथेच व्याख्यान संपवता आले असते. परंतु अध्यक्ष महाराज, कमी दिसणारी प्रत्येक डिस्क नानांच्या डिस्कसारखी निर्दोष असते असे नाही. भागाकार करून जे उत्तर येते त्याच्याहूनही डिस्क कमी दिसत असेल, तर मग खरा तपास करावा लागतो, आणि तिथेच माणसे घोटाळा करून बसतात. मीही केला आहे. तो पुढे सांगतो.

तपासाची किल्ली एकच आहे. विंडोजच्या चिन्हावर राइट-क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसेल. पट्टीच्या डाव्या टोकाला एक चौकोन असतो आणि त्यात त्या डिस्कची एकूण जागा लिहिलेली असते. उजवीकडे त्या जागेची वाटणी असते. आधी डावीकडचा आकडा वाचायचा. तो भागाकाराशी जुळला तर डिस्क शाबूत आहे, भांडण वाटणीचे आहे. तो आकडाच कमी असेल तर गोष्ट निराळी. पुष्कळ लोक ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि वाटणीच्या तक्रारीसाठी डिस्क बदलतात किंवा डिस्कच्या दुखण्यासाठी वाटणी मोडतात.

वाटणीची गोष्ट बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. आपल्यापैकी निम्म्यांनी तरी इथे फ्लॅट घेतले आहेत. जाहिरातीत सुपर बिल्ट-अप, करारात बिल्ट-अप, आणि सतरंजी पसरायला गेले की कार्पेट! २०१६ च्या कायद्याने विक्री कार्पेटवरच करावी असे ठरले म्हणून आता जरा बरे आहे. डिस्कवरही तसेच असते. जिना आणि लिफ्टसारख्या काही जागा संगणक स्वतःसाठी ठेवतो. सुरू होण्यासाठी लागणारा एक छोटा कप्पा, दुरुस्तीसाठी एक रिकव्हरीचा कप्पा. लॅपटॉप करणारी कंपनी कधी कधी ह्यासाठी दहा-वीस गिगाबाइट अडवून ठेवते. ते मोडू नका. ज्या दिवशी विंडोज उठेनासे होईल त्या दिवशी ह्याच कप्प्याची आठवण येते.

सध्या सर्वांत अधिक आढळणारी तक्रार मात्र वेगळी आहे. जुना लॅपटॉप मंद झाला म्हणून लोक त्यात नवी एसएसडी बसवून घेतात. दुरुस्ती करणारा जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करतो. जुनी २५६ ची, नवी ५१२ ची. पण नक्कल हुबेहूब असल्यामुळे वाटणीही जुन्याच मापाची उतरते आणि उरलेली जागा काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ म्हणून नुसती पडून राहते. ती सी ड्राइव्हला जोडायला एक्सटेंड व्हॉल्यूम असा पर्याय आहे. पण पुष्कळदा तो फिकट दिसतो, चालत नाही. कारण मोकळी जागा लगत उजवीकडे असली तरच विंडोज ती जोडते, आणि मध्ये तो रिकव्हरीचा कप्पा येऊन बसलेला असतो. दोन खोल्या एक करायच्या आहेत आणि मध्ये शेजाऱ्याचे न्हाणीघर आहे, अशी स्थिती! तो कप्पा सरकवणारी साधने मिळतात, ती चालतात, परंतु आधी सगळ्या मजकुराची दुसरी प्रत करून मगच हात लावावा.

एकूण जागा बरोबर, पण मोकळी जागा कमी, ही तक्रार तर घरोघरी. तिथे आपण न पाहिलेल्या फायली असतात. संगणक झोपताना आपल्या स्मृतीतला मजकूर एका मोठ्या फायलीत ठेवतो, स्मृती अपुरी पडली तर वापरायला दुसरी फाइल ठेवतो, जुन्या स्थितीकडे परत जाता यावे म्हणून रिस्टोअर पॉइंट साठवतो. कचऱ्याच्या पेटीत टाकलेला मजकूरही पेटी रिकामी करीपर्यंत जागा अडवतच असतो. डिस्क क्लीनअप चालवले की बरेचसे निघते. ह्यावर अधिक बोलण्यासारखे नाही.

आता डावीकडचा आकडाच कमी असला तर काय, हे सांगतो, आणि माझीही चूक सांगतो.

२६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आपण कोणी विसरलेलो नाही. उल्हास नदी बदलापुरात शिरली. माझ्या भाच्याकडे तेव्हा नवा डिजिटल कॅमेरा होता. छपरांवर बसलेली माणसे, गाळाने भरलेली दुकाने, दुसऱ्या दिवशी ओटीवर वाळत घातलेल्या शाळेच्या वह्या, असे तीनशेच्या वर फोटो त्याने काढले. पुढे तो परदेशी गेला. जाताना सगळा संग्रह तीन टेराबाइटच्या एका डिस्कवर ठेवून ती माझ्या स्वाधीन केली. ‘‘मामा, तुमच्याकडे राहू दे. तुम्ही सांभाळून ठेवाल.’’

२०१३ साली त्या डिस्कच्या डबीचा विजेचा भाग जळाला. मी डिस्क बाहेर काढली आणि माझ्याजवळच्या एका जुन्या डबीत बसवली. पडद्यावर आकडा आला ७४६ गिगाबाइट, आणि विंडोजने विचारले, ही डिस्क इनिशियलाइझ करायची का? मी समजलो, डिस्कचे दिवस भरले; तीन चतुर्थांश गेली, राहिली तेवढी तरी वापरू. भाच्याने फोटो आणखी कुठे ठेवलेच असतील, असेही मनात आले. मी होय म्हटले. फॉरमॅट केले. वर नाट्यसंगीताचा माझा संग्रह भरून टाकला.

चार दिवसांनी रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो. तीन टेराबाइट म्हणजे विंडोजच्या भाषेत २७९४ गिगाबाइट. जुन्या डब्यांना आणि जुन्या वाटणीपत्रकांना सेक्टर मोजण्यासाठी बत्तीस द्विमान अंकांची जागा असते. सेक्टर म्हणजे ५१२ बाइटांचा एक खण. बत्तीस अंकांत ४२९ कोटी ४९ लाख आणि काही हजार खण मोजता येतात, पुढे नाही. त्यांची जागा भरते २०४८ गिगाबाइट. २७९४ मधून २०४८ वजा केले. उत्तर ७४६.

मोटारसायकलचा आकडा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेला की पुन्हा शून्यावर येतो, तसे झाले होते. डबीची मोजणी भरून शून्यावर आली आणि उरलेले ७४६ तिने मला दाखवले. डिस्क पूर्ण शाबूत होती. तो आकडाच मला ते सांगत होता. जन्मभर मापे तपासणाऱ्या माणसाने आधी वजाबाकी करायची सोडून आधी कळ दाबली.

डिस्क तत्काळ बंद करून मी जाणत्याकडे नेली. फॉरमॅटने मजकूर लगेच नाहीसा होत नाही, अनुक्रमणिका नवी होते आणि पाने तशीच राहतात. परंतु त्या पानांवर मी नवे लिहून बसलो होतो. तीनशेपैकी एकेचाळीस फोटो परत मिळाले, तेही नावांशिवाय, तारखांशिवाय. भाच्याकडे दुसरी प्रत नव्हती. तो फोनवर म्हणाला, ‘‘असू दे, मामा.’’ ह्यापेक्षा तो रागावला असता तर बरे झाले असते.

म्हणून कोणतीही कमी दिसणारी डिस्क समोर आली आणि संगणकाने इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट असा शब्द उच्चारला, तर नाही म्हणा. तीच डिस्क दुसऱ्या केबलने, दुसऱ्या डबीत, दुसऱ्या संगणकावर जोडून पाहा. दोन टेराबाइटच्या वरची डिस्क असेल तर डबी नवी हवी आणि वाटणीपत्रक एमबीआर नव्हे तर जीपीटी प्रकारचे हवे. एमबीआर ही १९८३ सालची व्यवस्था आहे, ती २०४८ च्या पुढे पाहूच शकत नाही. रिकामी नवी डिस्क असेल तर खुशाल जीपीटी करून घ्या. मजकूर असेल तर आधी प्रत. आणखी एक, डबीतून काढलेली डिस्क दुसऱ्या डबीत वाचता येईलच असे नाही. काही डब्या खणांची मोजणी आपल्या पद्धतीने सांगतात, काही तर मजकुराला सांकेतिक कुलूप लावून ठेवतात. अशा वेळी त्याच जातीची डबी मिळवावी.

जुन्या संगणकांत ह्याच्याही आधीच्या भिंती होत्या. अठ्ठावीस अंकांच्या मोजणीची भिंत १३७ अब्ज बाइटांवर होती. १६० ची डिस्क घेतली तरी पडद्यावर १२८. आता त्या भिंती फक्त भंगारात सापडतात. काही डिस्कवर मात्र एक राखीव कोपरा असतो, तो डिस्क स्वतःच लपवून ठेवते, आणि एखादा मदरबोर्ड आपल्या सोयीसाठी तो भलताच मोठा करून ठेवतो. लिनक्सवर एचडीपार्म नावाच्या साधनाने तो पाहता येतो. पण ते काम माहीतगाराचे.

एक गैरसमज दूर करतो. डिस्क खराब होत गेली की तिची जागा हळूहळू कमी दिसते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. प्रत्येक डिस्कजवळ काही राखीव खण असतात. एखादा खण निकामी झाला की त्याच्या जागी राखीव खण लावला जातो आणि एकूण आकडा तोच राहतो. डिस्कचे दुखणे आकड्यात दिसत नाही, वागण्यात दिसते. ती रेंगाळते, टिकटिकते, फाइल उघडताना अडते. आणि अखेरीस एखाद्या दिवशी शून्य किंवा काही थोडे मेगाबाइट दाखवते, तेव्हा तिच्या अंतर्गत आज्ञावलीत बिघाड झालेला असतो. तिथे घरगुती उपाय नकोत. एसएसडीवर २४० लिहिलेले दिसते आणि शेजारच्या कंपनीची २५६ ची असते, तिथेही पुष्कळदा हीच राखीव जागेची बाब असते. त्यात फसवणूक नाही.

आता फसवणुकीचे बोलू. खरी फसवणूक ह्याच्या उलट दिसते, ही ह्या विषयातली सर्वांत मोठी गंमत. रेल्वेच्या पुलावर, रस्त्याच्या कडेला, दूरध्वनीवरून मागवलेल्या स्वस्त पार्सलात, जिथे म्हणाल तिथे दोन टेराबाइटचा पेन ड्राइव्ह चारशे रुपयांना मिळतो. जोडला की पडद्यावर आकडाही दोन टेराबाइटचा येतो, माप तंतोतंत! आत असते आठ नाही तर सोळा गिगाबाइटची चिप आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेला एक छोटा नियंत्रक. तुम्ही फोटो भरत राहता, नावे दिसत राहतात. उघडायला गेलात की आत काही नाही. जागा कमी दाखवणाऱ्या डिस्कवर लोक चिडतात आणि जागा वारेमाप दाखवणाऱ्या पेन ड्राइव्हवर खूश होतात. त्याची परीक्षा एकच, पूर्ण भरून परत वाचायचा. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही साधने हेच काम करतात. वेळ खूप लागतो, पण धान्याचे पोते विकत घेताना आपण तळापर्यंत बांबी खुपसून पाहतोच ना?

हा पेन ड्राइव्हही कधी प्रामाणिक असून अगदीच थोडी जागा दाखवतो. विंडोज किंवा लिनक्स बसवण्यासाठी तो वापरलेला असतो आणि त्या कामाने त्याची वाटणी बदललेली असते. तो साफ करून घेता येतो. फक्त डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ ही आज्ञा देण्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा. चुकीच्या क्रमांकाची डिस्कही ती तितक्याच निमूटपणे पुसते.

मागच्या दिवाळीत नानांबरोबर पुन्हा त्या दुकानात जाणे झाले. ह्या वेळी त्यांना दोन टेराबाइटची डिस्क हवी होती. नातवंडे वाढली आहेत. गल्ल्याच्या काचेखाली एक कागद चिकटवलेला होता, हाताने लिहिलेला. एका बाजूला खोक्यावरचा आकडा, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा. ५०० समोर ४६५, १००० समोर ९३१, २००० समोर १८६३. खाली मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तिन्ही भाषांत लिहिले होते, ‘आधी हे वाचावे.’ नानांनी तो कागद पुरता वाचला, खिशातून पेन काढले, आणि ‘‘चार हजारांचे राहिले आहे,’’ असे म्हणून खाली स्वतःच्या अक्षरात ४००० समोर ३७२५ असे लिहून दिले.